न वाचलेली चीर

पडदा वर जातो तेव्हा समोर एवढंच दिसतं: जिन्याखालची एक खोली, दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं दारातच उभं राहावं इतकी. उत्तरेकडं खिडकी. खिडकीला टेकून लाकडी बाक, त्यावर लहान कानस, मोठी कानस, लहानाहून लहान कानस, मिठाची बरणी, स्पिरिटची बाटली आणि पायानं फिरवायचं पॉलिशचं चाक. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पन्नासेक जुने पाईप, तंबाखू ओढायचे. आतल्या खोलीत शिलाई मशीनची टकटक. आणि मधोमध, गळ्यात काळ्या दोऱ्यानं भिंग अडकवलेला एक हडकुळा माणूस.

आम्ही नाटकवाले त्यांना भिंगवाले म्हणायचो. आजोबांचे, पणजोबांचे मेलेले पाईप लोक त्यांच्याकडं घेऊन यायचे आणि ते त्यांच्यात पुन्हा धूर खेळवून द्यायचे. हिरवट पडलेली रबरी नळी ते आरशासारखी काळी करत. जळक्या वाटीत मीठ भरून वरून स्पिरिट सोडत, आणि एका रात्रीत मीठ तपकिरी होई, वर्षानुवर्षांचा कडवटपणा पिऊन. नळीवरचे दातांचे खड्डे मात्र विचारल्याशिवाय भरत नसत. काहींना वडिलांचे दात हवे असतात, म्हणायचे.

त्यांची एक रीत होती. पाईप हातात आला की नळी काढायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि गिऱ्हाइकासमोर तो पाईप मोठ्यानं वाचायचा. “वाटीची कड उजवीकडं जळालेली. दातांचे खड्डे डावीकडं खोल. काळजी फार करता तुम्ही.” प्रत्येक दोषाला गिऱ्हाइकानं हो म्हणायचं. वाचून झालं की पाईप त्यांच्या ताब्यात, आणि वाचनात न आलेलं काही पुढं निघालं तर ते त्यांच्या हातून झालेलं, हा नियम. आतून त्यांची बायको, आमच्या वहिनी, मशीन न थांबवता म्हणायच्या, “बरं झालं, लग्नाआधी मला नाही वाचलं.”

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि स्वतःवर फिदा होतो. नाटकात मी एका न्यायाधीशाचं काम करायचो. त्याच्या तोंडात पाईप हवा म्हणून आमच्या नाटक कंपनीच्या मालकांनी स्वतःच्या वडिलांचा पाईप काढून दिला. देताना एकच सांगितलं, गरम असताना नळी पिरगाळू नका. तापलेलं लाकूड नळीला आवळून धरतं, जोर लावला की नळी बसते तो दांडा तडकतो.

एका दुपारच्या प्रयोगात निकाल सुनावण्याआधी मला एक नवा विराम सुचला. पेटता पाईप तोंडातून काढला, प्रेक्षकांकडं पाहत सावकाश नळी पिरगाळली, राख झटकली. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत कट् असा आवाज झाला, तो फक्त मला ऐकू आला. टाळ्या मात्र सगळ्यांना ऐकू आल्या. विंगेत जाऊन पाहिलं, तर दांड्याला खालून केसाएवढी चीर. मी पाईप पुसला आणि डबीत ठेवून दिला.

असे आणखी पाच प्रयोग झाले. मग मालकांनी पाईप साफ करायला भिंगवाल्यांकडं पाठवला, आणि पाठवला तोही माझ्याच हाती. पुढच्या नाटकातली मुख्य भूमिका कोणाला, हे मालक त्याच आठवड्यात सांगणार होते. भिंगवाल्यांनी चीर वाचली, की मला हो म्हणावं लागणार, ते मालकांच्या कानावर जाणार आणि भूमिका हातची जाणार. हे मला दिसत होतं.

म्हणून मी जे येत होतं ते केलं. त्या जिन्याखालच्या खोलीत मी मालकांची नक्कल केली. भर प्रवेशात त्यांची खोटी मिशी सुटते, ती ते बोलता बोलता गिळतात आणि पुढचं सगळं भाषण खोकत पुरं करतात. भिंगवाले हसून हसून बाकावर आडवे झाले. वहिनी मशीन सोडून दारात आल्या आणि पदरात तोंड खुपसून हसल्या. भिंगवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी, भिंग धुरकटलेलं. मी म्हटलं, मालकांचा रोजच्या वापरातला पाईप आहे, त्यात वाचायचं काय. त्यांनी डोळे पुसले आणि पाईप न वाचता फळीवर ठेवला.

पुष्कळ भूमिका केल्या, पण इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

चार दिवसांनी मालक स्वतः पाईप घ्यायला निघाले, मला बरोबर घेऊन. पाईप पांढऱ्या कापडावर ठेवलेला होता. साफ होऊन सुकल्यावर चीर उघडली होती. ती भिंगवाल्यांनी आपणहून दाखवली. मालक म्हणाले, माझ्याकडून गेला तेव्हा नव्हती. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, देताना होती का.

मी म्हटलं, “मला तरी दिसली नाही.”

भिंगवाल्यांनी भिंग लावून चीर पुन्हा पाहिली. ताजी चीर आतून कोऱ्या लाकडाच्या रंगाची असते, जुनीत काजळी उतरलेली असते, हे मला पुढं कळलं. त्यांना ते तेव्हाच दिसलं होतं. त्यांनी भिंग खाली सोडलं आणि नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहत होतो. मग ते मालकांना म्हणाले, “मी वाचला नव्हता. म्हणजे माझीच.”

चांदीचं वळं चढवून चीर बांधून देतो, असं ते म्हणाले. मालकांनी नको म्हटलं आणि पाईप रुमालात गुंडाळला. आवाज चढवला नाही, पण चार ठिकाणी बोलले. मालकांच्या शब्दावर येणारे वकील आणि डॉक्टर यायचे थांबले. भिंतीवरचे खिळे हळूहळू रिकामे झाले, आणि भिंगवाले छत्र्यांच्या मुठी आणि चष्म्यांच्या काड्या बसवू लागले. भूमिका मला मिळाली. दोनशे प्रयोग झाले. त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर मी पलीकडच्या फुटपाथनं जायचो.

एकदा भाजीच्या गाड्यापाशी वहिनींनी गाठलं. “काय नटराव, हल्ली हसवायला येत नाही.” मी तालमींचं निमित्त सांगितलं. त्या भेंडी निवडत म्हणाल्या की आता पहाटेपासून मशीनवर बसते, यांचा हात कापायला लागलाय ना, मालकांचा पाईप फोडला तेव्हाच ओळखलं मी. म्हणजे घरातही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. बायकोपुढंही ती चीर त्यांनी आपलीच ठेवली होती. मी भाजी न घेता घरी आलो.

बारा वर्षांनी मालक गेले. त्यांच्या मुलीनं तो पाईप मला आणून दिला. बाबा म्हणायचे, तुमच्या हातात तो शोभायचा, असं म्हणाली.

आठवडाभर मी आरशासमोर माफीचं भाषण बसवलं. तीन पानं, विरामांसकट. मग एका सकाळी त्या दारात जाऊन उभा राहिलो. खोली तीच, बाक तोच, भिंगाला नवा दोरा. आत मशीन चालू होतं. भिंगवाल्यांचे केस गेले होते, पण हात अजिबात कापत नव्हता. मी पाईप पुढं केला आणि पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, नळी काढली, भिंग लावलं आणि वाचायला लागले.

“वाटीची कड शाबूत. नळी हिरवी पडलेली. दांड्याला खालून चीर, आत जुनी काजळी.” मग म्हणाले, “गरम असताना पिरगाळलेला.”

आणि माझ्याकडं पाहत राहिले. आत मशीन थांबलं होतं.

शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज पोचवणारा नट मी. माझ्या घशातून हो निघालं ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

भिंगवाल्यांनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं, आणि अगदी मायेनं, नवख्या नटाला सांगावं तसं म्हणाले, “मोठ्यानं म्हणा. आत ऐकू गेलं पाहिजे.”