इंजिनाच्या पुढची जागा

झहूर मुकादमला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे सानपाड्यापासून म्हसळ्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. कुणी आखातात निघालं की विमानतळावर सोडायला झहूर. कुणाच्या लेकीचं कपाट सासरी पोचवायचं, झहूर. गावी कुणाची मय्यत झाली की इथल्या बायकांना घेऊन जायला झहूर. खानदानात उंच, मोठी, सात माणसांची गाडी त्याच्या एकट्याकडे, आणि तोंड असून मुका माणूसही तो एकटाच. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे हयात काढली, दुसऱ्यांचा माल सोडवता सोडवता केस पिकले. निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसावं म्हणाला. कसलं काय! बंदरातली नोकरी सुटली आणि नातलगांची लागली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

गावच्या गाडीचा एक कायदा असतो, तो कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. गावाकडे निघालेली गाडी रिकामी जाता कामा नये. तुम्ही एकटे निघालात असं कुणाला कळायचा अवकाश, एकाची पिशवी येते, दुसऱ्याची गादी येते, तिसरा स्वतःच येतो. पुढची सीट घरातल्या वडीलधाऱ्याची. मधली बायकापोरांची. झहूरची बायको हलिमा या गाडीत पुढे कधी बसली होती, हे तिलाही आठवलं नसतं. खूपदा तर मधेही जागा उरायची नाही, मग ती गॅलरीत उभी राहून हात करायची आणि आत जाऊन भाजी चिरायला घ्यायची. तिची आई गावी अंथरुणाला खिळलेली. रमजानपासून तिला भेटायला जायचं चाललं होतं, आणि दर खेपेला कुणाचं तरी जाणं तिच्या जाण्यापेक्षा जास्त गरजेचं निघायचं.

या खेपेला मात्र न्यायचं होतं चक्क गाडीचं इंजिन. झहूरची थोरली बहीण झुलेखाआपा त्याच सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये धाकट्या मुलाकडे, कैफकडे राहायची. तिचा थोरला, नौमान, गावी प्रवासी गाडी चालवायचा. पाणी संपलंय हे न बघता त्यानं गाडी दामटली आणि इंजिन जाम करून ठेवलं. त्याच बनावटीचं जुनं पण धडधाकट इंजिन नावड्याला गोटीरामच्या दुकानात सापडलं. टेम्पो करून पाठवू या, असं झहूरनं चाचरत सुचवून पाहिलं.

“घरची गाडी असताना टेम्पो?” आपा म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

संपलं. आपापुढे झहूरची जीभ टाळूला चिकटायची. आई गेली तेव्हा तो आपाच्या कडेवर होता, आणि आपा स्वतः परकर सावरायच्या वयाची. तिनं स्वतःच्या ताटातला मासा त्याला काटे काढून भरवला होता. असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी तो नावड्याला गेला. कंबर आधीच धरलेली, त्यात तळोज्याच्या रस्त्यावरचे खड्डे. गोटीरामकडचा मेकॅनिक कमळाकर कामाचा चोख होता. त्यानं इंजिनातलं तेल नि पाणी आधीच काढून टाकलं होतं, तोंडांमध्ये चिंध्या कोंबून वर चिकटपट्टी मारली होती. गाडीची मागची सीट काढली, खाली जाड प्लाय टाकला, प्लायवर जुना टायर, आणि चेनकप्पीला टांगलेलं इंजिन त्या टायरात अलगद बसवलं, म्हणजे खालचं तेलाचं चेंबर फुटायला नको. मग चार कोपऱ्यांतल्या चार कड्यांना चार पट्टे लावून, कडकड वाजवत असे आवळले की गाडी हलली तर इंजिन गाडीबरोबरच हलावं.

“चाचा, थोडं गेल्यावर थांबून पट्टे परत आवळा,” कमळाकर म्हणाला. “आणि मधल्या सीटवर माणूस नको. पुढं बसवा काय ते. ब्रेक लागला ना, तर हे सीटबीट काय बघत नाय.”

झहूरला हे नवीन नव्हतं. बंदरात त्यानं कंटेनर उघडल्यावर आत सुटलेल्या मालानं काय केलेलं असतं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं मान हलवली आणि मुंगीच्या पावलांनी गाडी घरी आणली. म्हणजे पुढं एक सीट होती. ती हलिमाची. उद्या हलिमा आईकडे जाणार, त्यात आता कुणाचा पाय आडवा येणार नाही, या विचारानं तो दमलेला असूनही बऱ्यापैकी झोपला.

सकाळी खाली उतरला तर मागचं दार उघडं. कैफ घामाघूम होऊन आईचं सामान भरत होता. पस्तिशीचा गडी, कामाला वाघ, डोक्यानं जरा बेतास बात. तांदळाचं पोतं, मिठाईचे डबे, गादीची वळकटी. जागा होईना म्हणून त्यानं चारी पट्टे सोडले होते, इंजिन आणि मधली सीट यांच्यात पोतं नि वळकटी कोंबली होती आणि वरून पट्टे पुन्हा आवळून टाकले होते.

“मामू, टेन्शन नका घेऊ, मस्त घट्ट बसलंय,” तो म्हणाला. “उलट गादीचा टेकू मिळाला.”

“पण आपा उद्या तुझ्याबरोबर येणार होती ना?”

“अम्मीला आजच जायचंय. उद्या नौमानभाईच्या पोराची बिस्मिल्ला, कुराणाचा पहिला धडा, म्हणते आदल्या दिवशी आजी घरात नको काय?”

आणि आपा आलीच. ठेवणीतला बुरखा, अत्तर, दुखरा गुडघा. जिथं ती आजवर बसत आली त्या पुढच्या सीटवर ती एक हात दाराला, एक हात कैफच्या खांद्याला लावून चढून बसली. हलिमा तिच्या मागून जिना उतरत होती. तिनं आपाला बघितलं, गाडीकडे बघितलं, सलाम केला आणि मधलं दार उघडून आत बसली. पिशवी मांडीवर घेतली. तिच्या मानेमागे सीटची पाठ, सीटमागे वळकटी, वळकटीमागे इंजिन.

झहूर गाडीला वळसा घालून आपल्या जागेवर आला. चावी फिरवली. आपा नातवासाठी आणलेल्या टोपीबद्दल काहीतरी सांगत होती. तो हं हं करत होता. सावकाश नेऊ, तो मनाशी म्हणाला. रस्ता नेहमीचाच आहे. आजवर काय झालंय? दमलेला माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो. वॉचमननं गेट उघडलं, गाडी बाहेर पडली, आणि पहिल्याच गतिरोधकावर मागे काहीतरी कुरकुरलं. आरशात त्याला हलिमाचा चेहरा दिसला. ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यानं गाडी कडेला घेतली.

“पंक्चर?” आपानं विचारलं.

“आपा, तू उद्या कैफबरोबर ये. आज उतर.”

आपाला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं, मागं इंजिन आहे, मधे माणूस बसवायचं नाही, पुढं एकच जागा आहे.

“मग मी उतरते ना,” मागून हलिमा म्हणाली. “अम्मीला फोन करते, पुढल्या जुम्म्याला येते म्हणून. आपांचा गुडघा दुखतोय, त्यांना कशाला.” तिनं दाराला हातही घातला होता.

इथं सगळं आपसूक सुटत होतं हो. नेहमी असंच सुटायचं. झहूरनं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“तू नाही,” तो म्हणाला. “आपा उतरेल.”

“इंजिन माझ्या नौमानचं,” आपा म्हणाली. “गाडीत बसायला मी नको?”

“उद्या ये.”

“झहूर, तुला मी वाढवला.”

“हो, आपा.”

ती उतरली. आवाज चढवला नाही, रडली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. कैफला बोलावलं. त्यानं तोंड वाकडं करत पोतं, डबे, वळकटी ओढून रस्त्यावर काढली आणि मागचं दार धाडकन लावलं. आपा पाठमोरी लंगडत गेटात शिरली. झहूरला पुढचं धड दिसत नव्हतं. त्यानं हलिमाला पुढं बसवलं आणि गाडी काढली. तिथून लवकर निघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

कळंबोली गेली, पळस्पे गेलं. हलिमा सीटच्या टोकावर बसली होती, उसनी खुर्ची असावी तशी, पाठ टेकत नव्हती. झहूरच्या डोळ्यांपुढं ते लंगडणं होतं. बहीण दुखावली, आता गावभर होईल, बिस्मिल्लाच्या घरात आपल्याशी कोण बोलेल. कमळाकरनं थांबून पट्टे आवळायला सांगितलं होतं, ते त्याला आठवलंच नाही. आणि पट्टे आवळले होते ते पोत्यावरून नि वळकटीवरून. पोतं गेलं, वळकटी गेली, पट्टे तसेच लोंबत राहिले. एवढी साधी गोष्ट बंदरात केस पिकवलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये!

कर्नाळ्याच्या उतारावर पुढचा ट्रेलर वळणात एकाएकी उभा राहिला. झहूरनं दोन्ही पायांचा जोर ब्रेकवर टाकला. गाडी थांबली. मागचं इंजिन थांबलं नाही.

आवाज असा झाला की हलिमानं कान झाकले. टायर, प्लाय, सगळं घेऊन इंजिन पुढं आलं होतं. मधल्या सीटची पाठ मोडून पुढं झोपली होती. डोकं टेकायची उशी वाकून खाली लोंबत होती, आणि जिथं बसणाऱ्याची पाठ असते तिथं फाटलेल्या रेक्झिनमधून काळं लोखंड बाहेर आलं होतं. पुढच्या दोघांना ओरखडासुद्धा नव्हता.

झहूरनं गाडी टपरीपाशी नेली. काच खाली करून हाक मारली. टपरीवरच्या ट्रकवाल्यांनी पहारीनं रेटून इंजिन मागं सरकवलं, टायरात बसवलं आणि चारी पट्टे त्यांच्या पद्धतीनं करकचून बांधले. “नशीब चांगलं तुमचं काका, मधे कोण नव्हतं,” त्यातला एक म्हणाला आणि आपल्या चहाकडे गेला.

तेवढ्यात हलिमाचा फोन वाजला. आपाचा होता. झहूरला नव्हे, हलिमाला केलेला.

“हो आपा, कर्नाळ्याला आलो,” हलिमा म्हणाली. “इंजिन ठीक हाय. हो, काय झालं नाय त्याला.” तिनं फोन ठेवला.

“सांगायचंस ना,” झहूर म्हणाला.

“कशाला? जिवाला लावून घेतील. बरं नाय वाटत त्यांना आधीच.”

ती मोडक्या सीटकडे बघत होती. आपण किती उशिरा बोललो याची झहूरला लाज वाटत होती, आणि ती त्याला बोलून टाकायची होती.

“गेटच्या बाहेर पडलो तरी मी गप्पच होतो, हलिमा. मला माहीत होतं, तरी गप्प होतो.”

“मला पण माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या मेकॅनिकनं काय सांगितलं ते रात्री जेवताना तुमीच नाय का बोललात.”

“माहीत होतं? मग तिथं बसलीस कशाला?”

“आपा पुढं बसल्या होत्या,” हलिमा म्हणाली. “मग मी कुठं बसायचं?”