आमच्या गावाची ओळ

माझ्यासारख्यानं लिहावं का, ठाऊक नाही. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा.

तालुक्यातल्या एका बड्या घरी काचेचं कपाट होतं. त्यात इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याचं सरकारी पुस्तक. आमच्या गावाचं नाव त्यात आहे, असं शाळेतले मास्तर म्हणाले होते. वनहक्काच्या दाव्याला तोच पुरावा. नाहीतर आम्ही जंगलात घुसलेले.

बाबा मला घेऊन तिथं गेले. चपला बाहेर काढल्या. कपाटापुढं नारळ ठेवला. हात जोडले.

मालक हसत सुटले. "अगं, बघ तरी! पुस्तकाला नारळ!" बायको आली. तीही हसली.

"नमस्कार केलास, पुरे," मालक बाबांना म्हणाले. " वाचायचं काम तुझं न्हाई."

"सायेब, पोरगं वाचतंय."

"हात लावला तर पानं तुटतील. जा आता."

कपाट उघडलंच नाही. ते अजून सलतं.

कॉलेजात एका मित्रानं फुकटच्या डिजिटल ग्रंथालयाचं सांगितलं. गावात रेंज फक्त वरच्या कातळावर. शोधून नाव सापडेना, म्हणून पान पान चाळलं. चार दिवस. तेच पुस्तक. कुठल्यातरी शहरात कुणीतरी ते स्कॅन करून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. तू कोणाचा, असं कुणी विचारलं नाही.

सापडलं. आमचं गाव. एक ओळ.

"काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"आपण रानटी, आळशी, असं लिवलंय."

बाबा म्हणाले, "लिवू दे. हुतो, असं म्हणतंय न्हवं?"

"व्हय."

"मग दे तेच."

स्वतःची शिवी छापून घेतली. दाव्याला जोडली. कचेरीतला कारकून म्हणाला, "मोबाइलवरचं चालत नाही. मूळ पुस्तकावरून खरी प्रत आणा."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चल. परत पाया पडू त्यांच्या."

"न्हाई बाबा. त्या घरी आता न्हाई."

ग्रामसभेत उभा राहिलो. ओळ इंग्रजीत वाचली, मग आपल्या भाषेत. शिवीसकट. ही ओळ पुरावा धरावी, असा सभेनं ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या. ठराव मीच कचेरीत नेऊन दिला.

मग वाट बघणं. जंगलखात्याची माणसं येऊन शेताच्या कडेला खुणा करून गेली. आम्ही बघत राहिलो.

काल निरोप आला. दावा फेटाळला. पुरावा अमान्य. अपिलाला साठ दिवस.

अपील मी लिहितोय.