वाचलेलं गवत

"मेलेलं मले कायले दाखवतं? जितं कुठी हाय ते दाखव."

तणनाशक मारून आठ-दहा दिवस झाले की आपल्याकडचा शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो, पिवळं पडलेलं गवत पाहतो आणि समाधानानं तंबाखूचा खर्रा घोटतो. वरचे बोल काकांचे; सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं. ते मात्र खांद्यावर पोतं टाकून वावरात शिरायचे आणि फवाऱ्यातून वाचलेली झाडं शोधत फिरायचे. दिसलं की उपटलं, पोत्यात घातलं, बाहेर नेऊन जाळलं. राळेगावात माझं कृषी केंद्र आहे. औषध विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक परवडत नाही, पण करमणूक व्हायची.

खरी गंमत सोयाबीन काढताना. भाड्याचं हार्वेस्टर धुऱ्यावर थांबवायचं आणि आधीच्या वावरातली माती, काडीकचरा, बी सगळं झाडून मगच आत घ्यायचं, हा काकांचा नियम. झाडू घेऊन स्वतः वर चढायचे.

"चाचा, टाइम खोटी मत करो," ड्रायव्हर वैतागायचा.

"तेरे मशीन में सारे गाव का बी हाय, बाप्पा."

गावात याला मशीनचं अभ्यंगस्नान म्हणत. मीही म्हणायचो.

एका वर्षी काढणीतच आभाळ भरून आलं. मशीनसाठी रांग लागलेली. काकांनी तेवढं एकदाच झाडू हाती घेतला नाही. पुढच्या पावसाळ्यात मशीन जिथून आत शिरलं होतं, तिथून सरळ पट्ट्यात कुर्डूचं तण उगवलं. शेजारच्या गावात कुठल्याच फवाऱ्याला दाद न देणारा तोच कुर्डू.

दुकानात आले तेव्हा चेहरा उतरला होता. "माह्याच हातून झालं," एवढंच म्हणाले. मी नेहमीचा सल्ला दिला, डोस दुप्पट करा.

"दुप्पट मारून जे वाचन, त्याले कोण मारन?"

मी चहा सांगितला.

त्या वर्षी काका आणि काकू रोज ओळीनं बसून, तुरा यायच्या आत कुर्डू उपटत राहिले. मजूर लावले नाहीत. मजूर मोठं उपटतो, बारकं सोडतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी पट्टा अर्धा उरला. त्याच्या पुढच्या वर्षी शोधावा लागत होता. "आनखी दोन साल," काका म्हणायचे, "मंग वावर साफ." गुडघे पार गेले होते, पण गडी खूश होता.

त्याच थंडीत काका गेले.

मुलगा नागपुरात नोकरीला. वावर ठेक्यानं दिलं. दोन पावसाळे कुर्डू कुणी उपटला नाही. तिसऱ्या आषाढात ठेकेवाला दुकानात आला. "काकाच्या वावरातला कुर्डू मरून नाही राह्यला. जरा डोस वाढवून द्या." उपटून टाक, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागं चार गिऱ्हाइकं उभी होती. मी औषध दिलं.

नवरात्रात मारेगावकडे जाताना काकांच्या वावरापाशी मोटरसायकल थांबवली. सोयाबीनच्या वर सगळीकडे पांढरे-गुलाबी तुरे डुलत होते, आणि खोटं कशाला बोलू, दिसायला फार सुंदर होते. काकू रोज इथूनच जात असतील, या विचारानं मला लाज वाटली. आत शिरून हाताशी आलेलं पहिलं झाड मी मुळासकट उपटलं. तुरा केव्हाच पिकला होता. हिसक्यासरशी काळं, बारीक बी झरझर सांडलं, माझ्या बुटांवर आणि काकांच्या मातीत.