नमुन्याचं पाकीट

सिंगापूरला मी पहिल्यांदा आले ती सरकारच्या तिकिटावर. परदेशात माल विकू पाहणाऱ्या बचत गटांना सरकार मदत करतं, त्यात आमच्या गटाचा काळा मसाला निवडला गेला. विमानाचं भाडं, प्रदर्शनातला गाळा, पाकिटांवरचं इंग्रजी लेबल, सगळं त्यांनी बघितलं. गटातून एकीनंच जायचं होतं. मी वयानं मोठी, म्हणून मी.

जाण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस शिकवणी झाली. साहेब एकच गोष्ट परत परत सांगत होते, नमुना दाखवाल तोच माल पाठवायचा. मला मुद्दाम विचारलं, "काकू, कळलं ना?"

"चौथी शिकलेय, पण एवढं कळतं," मी म्हटलं.

कळलंच होतं. तरी गटाची रिकामी पाकिटं मी घरी नेली आणि त्यांत माझा घरचा मसाला भरला. गटात माझी धाकटी जाऊ मोठ्या कढईत भाजते, मग मसाला यंत्रावर दळतात. माझा थोडा थोडा भाजून उखळात कुटलेला. तिचा वाईट नव्हता. पण माझा जास्त चांगला होता, आणि परक्या मुलखात कोणीतरी तसं म्हणावं असं मला वाटलं. दुसरं काही कारण नाही.

प्रदर्शनात मी कागदी कपातून आमटी चाखायला दिली. इथला एक दुकानदार दोन कप प्याला आणि त्यानं मागणी नोंदवली. गावी परतल्यावर विहारात माझा सत्कार झाला. हार जावेनंच घातला.

दुसऱ्यांदा आले ती लेकीच्या तिकिटावर, पुंगोलला तिच्या फ्लॅटमध्ये राहायला. तोवर माल पोचला होता. आपली पाकिटं दुकानात मांडलेली बघावी म्हणून लेकीला घेऊन गेले. दुकानदारानं ओळखलं. दोन पाकिटं फोडून माझ्यासमोर ठेवली, एक त्यानं जपून ठेवलेलं नमुन्याचं, एक आलेल्या मालातलं.

"आंटी, सूंघ के देखो. ये वो नहीं है."

वास घ्यायची गरज नव्हती, रंगच वेगळा होता. मी म्हटलं, "भूननेवाली ने जल्दी किया होगा."

आमच्यात भाजणारी एकच आहे. परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, लेक म्हणाली, "काकूनं घाई केली? आपल्या काकूनं?" खिडकीबाहेर नुसता बोगदा होता, तरी मी बाहेरच बघत राहिले.

दुकानदारानं मी सांगितलेलं गटाला कळवलं. गटानं जावेला कढईवरून उठवलं आणि लेबलं चिकटवायला बसवलं. महिनाभरानं तिचा फोन आला.

"आक्का, मी खरंच कच्चं भाजलं होतं का हो? मला आता वासच कळंना झालाय. घरची आमटीसुद्धा शेजारणीला चाखायला देते."

"होतं असं कधी कधी," म्हणाले मी. असं म्हणाले.

चार दिवसांनी लेकीला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही. "मला कशाला सांगतेस, आई? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

आधी दुकानदाराकडे गेले. त्याला राग आला नाही, उलट हसला. "तो फिर आप ही बनाओ ना, आंटी. मुझे तो वही चाहिए."

हेच ऐकायला मी सगळं केलं होतं. ते कानावर पडलं तेव्हा मान वर होईना. उखळात तेवढा होत नाही, म्हटलं, जो आया है वही हमारा माल है. पुढच्या मागणीचं बघतो, एवढंच तो बोलला. नमुन्याचं पाकीट मी मागून घेतलं.

गटाची बैठक रविवारी असते. तेव्हा फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवायला सांगितला, आणि पाकिटात काय भरलं होतं ते सांगितलं. जावेचं भाजणं नेहमीसारखंच होतं, हेही सांगितलं. मग एकजण म्हणाली, "म्हणजे खरा नमुना आक्काच निघाल्या की!"

सगळ्या हसल्या. जावेचं हसू मला ओळखू येतं, ते त्यात नव्हतं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून कढईवर परत तीच. आणि आक्का, तुम्ही आलात की लेबलं चिकटवायची."

"चिकटवते."

मग जाऊ फोनजवळ आली. "आक्का, एक विचारू? तुमचा मसाला खरंच इतका चांगला होता?"

"होता."

"मग एवढी वर्षं एका घरात काढली आपण. मला एकदा करून का नाही दाखवला?"

"आवाज तुटतोय गं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आवाज तुटत नव्हता.