शेपटीला कोंबड्याचा तुरा

बिडकीनजवळच्या मोकळ्या प्लॉटवर दर रविवारी वाळूजच्या कारखान्यातला एक कामगार हातभर लांबीची रॉकेटं उडवायचा. शेपटीला पंख कसले? कधी कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, कधी कढईच्या कानांसारखे! रॉकेट गिरक्या घेत बाभळीत घुसायचं आणि हा महापुरुष तळहातानं हवेत तीच गिरकी पुन्हा काढून बघायचा, तेही खुशीत.

मी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक. न राहवून फुकट ज्ञान दिलं, "तीन सारखे त्रिकोण लावा. सरळ वर जाईल."

"व्हय सर, जातंयच की. पन हे माहीतच हाय, तर मग उडवायचं कशाला?"

अडाणी माणूस! सोमवारी वर्गात मी सलग अठराव्या वर्षी तेच तीन त्रिकोण फळ्यावर काढले. माझं एकही रॉकेट आजवर बाभळीत अडकलेलं नाही. उडवलंच नाही ना कधी.