शेडमध्ये वाळत घातलेला समुद्र
किराणा दुकानात बेदाण्याची पेटी उघडली आणि गंधकाच्या धुरीचा वास आला, की मला तासगावजवळची एक शेड आठवते. गावोगावच्या शाळांत मी तेव्हा समुद्र शिकवत फिरायचे, आणि तिथे शाळेची रंगरंगोटी चालू असल्याने वर्ग बेदाण्याच्या शेडमध्येच भरला. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, गरम वारा सुटला होता, मुलांच्या मागे बेदाणा निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी बाटलीतून आणलेलं समुद्राचं पाणी जिभेला लावून मुलांनी तोंडं वाकडी केली, तशी त्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "आवं बाई, कृष्णेचं पानी गोडं, तीच समुद्राला मिळती न्हवं? मग त्यो खारट कसा?" मी क्रेटमधलं एक द्राक्ष आणि एक बेदाणा तिच्या हातावर ठेवला. "बेदाण्यात साखर कुणी घातली?" "कोन घालतंय? पानी उडालं, गोडी ऱ्हायली." "तसंच. नदीही किंचित मीठ नेते. पाणी उन्हानं उडतं, मीठ राहतं." तिने बेदाणा चावत मुलांना सांगितलं, "म्हंजी समुद्र वाळत घातलाय, पर वरनं नद्या वतत्यात, म्हनून वाळंना." आता समुद्राकाठच्या मुलांनाही मी समुद्र तिच्याच शब्दांत शिकवते, बेदाणे तेवढे तासगावचे नेते.