समोरची मालगाडी

दिंडोशीचं कोर्ट आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांइतका कायद्याने चालणारा माणूस त्या कोर्टातसुद्धा सापडायचा नाही. रस्ता रिकामा असो, चिटपाखरू नसो, लाल दिवा दिसला की काका थांबतात. गाडी नाहीये हो त्यांच्याकडे, पायी चालताना थांबतात! मागचा माणूस येऊन आदळला तर त्यालाच वर सुनावतात, "अहो, सिग्नल दिसत नाही का?" अशा माणसाच्या हातात, ऑफिसातून निवृत्त झाल्यावर, पवईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा खेळ दिला. म्हणे, बाबांचा टाइमपास होईल. डोंबलाचा टाइमपास! पहिल्याच दिवशी काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि खुर्चीत बसण्याआधी कॉम्प्युटरला नमस्कार केला.

आता हा खेळ त्यांनी एवढा मनावर का घेतला, ते सांगायला हवं. काकूंचं माहेर कोकणात. दर शिमग्याला जाणारी ही बाई, पण कंबरेचं हाड मोडल्यापासून डॉक्टरांनी लांबचा प्रवास साफ बंद केलेला. घरातल्या घरात चालायचं तरी कुणाचा तरी खांदा लागतो. कुणा हौशी पोरांनी कोकणातला तो अख्खा रेल्वेमार्ग बोगदे, पूल, स्टेशनांसकट खेळात बनवलाय, हे मुलाने सहज दाखवलं, आणि त्यात काकूंना आपल्या माहेरच्या स्टेशनची पिवळी पाटी दिसली. "अगो बाये, ह्यां तर आमचां!" म्हणून त्या रडायलाच लागल्या. काकांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "मी तुला गाडीने माहेरी पोचवणार. आणि नियमाने पोचवणार."

इथेच सगळी वाट लागली. कारण त्या खेळात आपण एकच गाडी हाकायची. बाकीच्या सगळ्या गाड्या कॉम्प्युटर हाकतो आणि सिग्नलही तोच देतो. कोकणातला मार्ग एकेरी, समोरून गाडी आली की कुणीतरी स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं, क्रॉसिंग झालं की निघायचं. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला लागत नाही, त्याचं अर्धं आयुष्य क्रॉसिंगला गेलेलं असतं. पण कॉम्प्युटरला कोण शिकवणार? माहेरच्या अलीकडच्या स्टेशनात काकांची गाडी बाजूच्या रुळावर उभी, आणि समोरून येणारी मालगाडी स्टेशनाबाहेर उभी. मालगाडी आत आल्याशिवाय कॉम्प्युटर काकांना सोडत नाही, आणि काका निघाल्याशिवाय मालगाडीला आत घेत नाही. दोघांनाही लाल. बसा आता बोंबलत! काका मला म्हणाले, "ह्याला अक्कल नाही, पण अधिकार आहे. अगदी असाच एक साहेब होता आमच्याकडे. दोन टेबलांच्या मध्ये फाईल अडकायची, आणि हा म्हणायचा, दोघंही बरोबर आहात, थांबा."

मुलाने फोनवरून उपाय सांगितला, "बाबा, मालगाडीवर क्लिक करा आणि डिलीट मारा ना. सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणून मी करू? त्यात कुणाचं सिमेंट असेल. कुणाचं घर अडून राहिलं असेल."

"बाबा, आत काही नाहीये! नुसतं चित्र आहे ते."

"चित्र असलं तरी रुळावर आहे ना? मग तिचा हक्क आहे," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

तेव्हापासून त्यांनी काय नाही केलं! गाडी हळू हाकून पाहिली, जोरात हाकून पाहिली, आदल्या स्टेशनात मुद्दाम रेंगाळून पाहिलं. मालगाडी इमानदारीत येऊन समोर उभी. दिवाळीला येणाऱ्या एखाद्या जावयाचा असतो तसा नेम तिचा. बरं, हा माणूस खेळ मध्येच थांबवतही नाही. का, तर गाडीत माणसं बसलीत. काकू जेवायला हाक मारायच्या, तर हा इकडून ओरडणार, "पुढच्या स्टेशनाला जेवतो!" आमटी निवायची, काकू कावायच्या, पण पुढचं स्टेशन आल्याशिवाय गृहस्थ हात धुवायला उठायचा नाही.

पुढे पुढे तर हे वेड घराबाहेर पडलं. एकदा आमच्या जिन्यात वरून कुणाचा तरी सोफा उतरत होता आणि खालून माझं नवीन कपाट चढत होतं. दोन्हीकडचे हमाल एकमेकांना शिव्या घालायला लागले. काका बनियनवर बाहेर आले, दोन्ही हात वर करून म्हणाले, "कुणीही हलायचं नाही! क्रॉसिंग आहे!" आणि त्यांनी सोफा सरळ स्वतःच्या घरात घ्यायला लावला, म्हणजे जिना मोकळा होऊन कपाट वर जाईल. कल्पना झकास होती. फक्त कपाट त्यांच्याच दाराशी वळणावर असं काही अडकलं, की सोफा आत आणि काकासुद्धा आत! सुतार येऊन कपाटाचे पाय कापेपर्यंत काकू त्या परक्या सोफ्यावर मजेत लोळत होत्या. माझं कपाट अजून लंगडं आहे. मी चिडलो तर मला म्हणतात, "टक्कर झाली का? नाही ना? मग?"

मागच्या शिमग्यातली गोष्ट. दुपारी मी सहज डोकावलो, तर काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून, कॉम्प्युटरशेजारच्या कॉटवर उशीला टेकून बसलेल्या. माहेरी पालखी घरोघर निघाली होती, सकाळीच भावाचा फोन येऊन गेला होता. काका गाडी हाकत होते. बोगदे गेले, पूल गेले, अलीकडचं स्टेशन आलं. आणि समोर? मालगाडी! काका वाट बघत राहिले. काकूंची कंबर भरून आली, त्या बसल्या जागी चुळबुळायला लागल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "ऱ्हवांदे हो. माझ्या नशिबातच नाय ता."

काकांनी चष्मा पुसला, तो परत डोळ्यांवर चढवला, आणि त्या मालगाडीवर क्लिक करून डिलीट मारलं. मालगाडी नाहीशी झाली.

"मालगाडी खंय गेली?" काकूंनी विचारलं.

"विनंती केली मी," काका म्हणाले. "म्हटलं, आमची मंडळी माहेरी चाललीय. झाली बिचारी बाजूला." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंड उघडलं असतं तर माझा मुडदाच पडला असता.

सिग्नल हिरवा झाला. वळण घेऊन गाडी पिवळ्या पाटीपाशी उभी राहिली. काकू पुढे झुकून पाटी वाचत होत्या, मग फलाटाकडे बघायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पोरं स्टेशन बनवतात, पण माणसं कुठून आणणार? फलाट रिकामा होता.

"न्हेवक कोण इला नाय?" काकू म्हणाल्या.

मी काहीतरी जुळवून सांगणार, तेवढ्यात काका खुर्चीतून उठले आणि काकूंच्या समोर येऊन त्यांनी आपला खांदा पुढे केला.

"मी आलोय ना न्यायला. उतर सावकाश. पायरी उंच आहे."

काकूंनी पदर सावरला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरंच जपून, आधी एक पाय, मग दुसरा, अशा त्या उतरल्या. मी भिंतीला चिकटून दोघांना वाट करून दिली.